दारं मोजणारे मामा

मामा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, नाकपुड्यांकडे बघून बोलत. मी त्या दवाखान्यात रुजू झाले त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. सोलापुरातून मंगळवेढ्याकडे निघालं की जिथं शहर संपल्यासारखं वाटतं, तिथं आमचा जनावरांचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, जनावर उभं करायचा लोखंडी खोडा आणि एक कडुलिंब. मी नवी कोरी डॉक्टर, हातात नेमणुकीचा कागद. समोर खाकी शर्टातला, पन्नाशी ओलांडलेला एक काटकुळा माणूस. त्यांनी कागद घेतलाच नाही. माझ्या नाकाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "म्याडम, तुमची डावी नाकपुडी बंद हाय. सर्दी न्हाय ही. आतलं हाड वाकडं हाय. झोपंत तोंड उघडं टाकत असणार तुमी."

हॉस्टेलवर पाच वर्षं मैत्रिणी मला सांगत होत्या की मी घोरते, आणि पाच वर्षं मी ते साफ नाकारत आले होते. या माणसानं अर्ध्या मिनिटात माझी अब्रू काढली. मला राग आला. पण रागातसुद्धा मी डाव्या नाकपुडीनं श्वास घेऊन बघितला, आणि तो आला नाही.

मामांच्या पदाचं सरकारी नाव व्रणोपचारक. ते नीट उच्चारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. गावोगावचे लोक त्यांना ड्रेसरमामा म्हणत. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, सुया उकळणं, डॉक्टरच्या हाताखाली जनावर धरणं हे त्यांचं काम. पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं आणि ते त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. ते दारं मोजत.

सबंध नोकरीत मी त्यांना स्वतःसाठी एकच गोष्ट मागताना ऐकलं, आणि नेमकी तीच त्यांना नाकारली गेली होती. त्यांच्या मुलीचं बाळ हातात घेऊन त्याची दारं मोजायची, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्यांना मिळालं की नाही हे सांगायचं, तर आधी ही मोजणी म्हणजे काय ते सांगायला हवं.

"देह म्हंजे दारं," मामा म्हणत. "बाकी सगळी भिंत." आमच्या शेडमध्ये कुणाच्याही गाईचं वासरू आलं, शेळीचं करडू आलं, की मामा आधी दोन्ही हात धुऊन घेत, पँटला पुसत आणि त्या पिल्लाचं एकेक दार बोटानं चाचपून मोठ्यानं मोजत. कान दोन, डोळे दोन, नाकपुड्या दोन, तोंड एक. मग शेपटी उचलून खालची. मग सडांची टोकं, एकेक चिमटीत धरून. कालवडीला तेरा, खोंडाला नऊ, शेळीच्या पाटीला अकरा. नाळेची जागा ते हिशेबात धरत नसत. "त्ये मिटायला आलेलं दार. त्याला निरोप द्यायचा, मोजायचं न्हाय."

मोजून झालं की ते म्हणत, "घ्या, पुरी हाय." हे ऐकल्याशिवाय आमच्या भागातले कितीतरी लोक वासराच्या गळ्यात घंटी बांधत नसत. वासराला काही झालेलं नसताना केवळ मोजून घ्यायला माणसं मोटारसायकलवर मधे वासरू धरून येत. मी अहवाल लिहायला बसायची तेव्हा मला प्रश्न पडायचा की या रोग्यांच्या रकान्यात काय लिहू. आजार काहीच नाही, उपचार मोजणी.

पुढं पुढं लोक मोबाइलवर फोटो पाठवू लागले. वासराचं मागलं अंग, जवळून काढलेलं, खाली हात जोडल्याची खूण. मामा फोन लांब धरून बघत आणि परत देत. "फोटूत नुसतं दिसतंय. उघडं हाय का न्हाय, बोटाबिगर कळत न्हाय. घिऊन या म्हनावं."

या माणसासमोर भोक हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा सहज बोलून गेले. मामा पट्टी बांधायचे थांबले. "म्याडम, भोक भिताडाला पडतंय. भोकाला काय आत घ्यावं, काय भायेर सोडावं, ह्ये कळत न्हाय. ह्येला कळतंय. झोपंत सुदिक कळतंय. म्हनून ह्ये दार." पशुवैद्यकाच्या अभ्यासात या स्नायूंवर मी पानंच्या पानं पाठ केली होती. हे वाक्य त्यात कुठं नव्हतं.

मेंढीच्या खुरांच्या बेचक्यात एक बारीक दार असतं आणि त्यातून तेलकट वास येतो, हे मला मामांनी दाखवलं. घोडीच्या सडाला लांबून एक दिसतं पण जवळून बघितलं की दोन असतात, म्हणून घोडी लबाड. गाय रडली की तिचं नाक का गळतं, तर डोळ्यापासून नाकापर्यंत आतून एक बोळ आहे म्हणून. कोंबडीबद्दल मात्र त्यांना कौतुक होतं. अंडं, शिट, सगळं एकाच वाटेनं. "गरिबाचं खोपट हाय तिचं. एका दारात सगळा संसार. पर कदी तक्रार न्हाय."

एकदा चहाच्या टपरीवर एक भजनी बुवा देहाच्या नऊ दारांवर बोलत होते. मामा सगळं ऐकून घेऊन नम्रपणे म्हणाले, "बुवा, नऊ ह्ये पुरुषानं मोजलंय. बाईला धा असत्यात. ज्यातनं आपुन समदी आलो, त्येच मोजाया इसरलं बगा." बुवांनी चहा तसाच ठेवला आणि निघून गेले. टपरीवर मी एकटीच बाई होते. मी हसू दाबत बशीत बघत राहिले, आणि त्या दिवसापासून मला मामा फार आवडू लागले.

आवडू लागले म्हणजे त्यांचा त्रास नव्हता असं नाही. त्यांच्या खिशात कायम सुताचा पुंजका असे. त्यांच्या घराशेजारी चादरीचा माग होता, तिथलं वाया गेलेलं सूत. तो पुंजका ते जनावराच्या एकेका नाकपुडीखाली धरत आणि हलतो का ते बघत. जनावरावर ठीक होतं. पण त्यांना जनावर आणि माणूस यात फारसा फरक दिसत नसे. बँकेतला कॅशियर, पोस्टमन, आमच्या तपासणीला आलेले जिल्ह्याचे साहेब, कुणाचंच नाक त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. साहेबांना त्यांनी कानातला मळ काढून घ्यायला सांगितलं. साहेबांना "काय?" असं तीनदा विचारावं लागलं, त्यामुळे मामांचंच खरं ठरलं.

पण या सुतानं त्यांच्या घरात आग लावली. मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा सोलापुरातच नोकरीला, घरचे नातेपुत्याचे. चहा चालला होता. मुलगा चहा पिताना दर दोन घोटांनी थांबून तोंडानं श्वास घेत होता. मामा बघत राहिले, बघत राहिले, आणि मग त्यांना राहवेना. उठले, खिशातून सूत काढलं आणि भावी जावयाच्या नाकाखाली धरलं.  मामा म्हणाले, "दोनी मिळून एकाचंच काम करत्यात."

मुलाची आत्या ताडकन उभी राहिली. "आमी पोरगी बगाया आलोय का बैलाच्या बाजारात आलोय?"

ते लग्न मोडायचंच. पण मुलगा मोठ्यानं हसला, आणि हसताना त्याला पुन्हा तोंडानं श्वास घ्यावा लागला, तेव्हा आत्या सोडून सगळेच हसले. लग्न झालं. लग्नानंतर जावयानं गुपचूप नाकाचं ऑपरेशन करून घेतलं, आणि पहिल्यांदाच वास काय असतो ते कळलं म्हणून सासऱ्याला सांगायला आला. जावई मामांचा भक्त झाला. मुलीनं मात्र बापाला माफ केलं नाही. ती शाळेत शिक्षिका आहे, मानी आहे, आणि लहानपणापासून ड्रेसरची पोरगी म्हणून तिनं पुष्कळ ऐकून घेतलेलं होतं. वडील घरी आले की पायाला शेण, आणि हात धुतले की आधी तिचे कान, नाक, डोळे चाचपणार. शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळ्या पोरींसमोर.

तिला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं होतं. ती आली आणि उंबऱ्यातच तिनं अट घातली. "पप्पा, मी इथं राहते. पण माझ्या बाळाला वासरासारखं उलटंपालटं करून मोजायचं नाही. मोजलंत तर त्याच दिवशी सासरी जाईन."

दुसऱ्या दिवशी सुया उकळताना मामांनी मला हे सांगितलं. "मी बरं म्हनलो म्याडम." चिमट्यानं त्यांनी भांड्यातली एक सुई उलटी केली. "मला दुसरं काय सुदिक नको हुतं. एवडी वासरं मोजली. तेवडं एक बाळ मोजायचं हुतं." मी म्हटलं, दवाखान्यात डॉक्टर बघतातच की बाळाला, आजकाल सगळं बघतात. ते म्हणाले, "बगत असतील की. बगनं येगळं."

बघणं आणि मोजणं यातला फरक मला माझ्या एका चुकीनं शिकवला होता. ती चूक सांगितलीच पाहिजे. मी रुजू होऊन सहा महिने झाले होते. मामा लसीकरणाला चार दिवस बाहेरगावी होते. एका शेतकऱ्यानं आठवड्याची कालवड आणली. शेपटी शेणानं बरबटलेली, कुंथत होती, दूध कमी पीत होती. मी लांबूनच ओळखलं, हगवण. गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, वहीत हगवण लिहिलं. मोजणी वगैरे मामांचं खूळ, आपण शिकलेले लोक, असं माझं तेव्हा चाललेलं.

तीन दिवसांनी तो माणूस तीच कालवड घेऊन परत आला. पोट टम्म, पाय थरथरत होते. मामा आदल्या संध्याकाळीच परतले होते. त्यांनी हात धुतले, पुसले, कानापासून सुरुवात केली. कान, डोळे, नाक, तोंड. शेपटी उचलली आणि मोजणी आठवर अडली. मालक बघत होता. मामा शांतपणे म्हणाले, "म्याडम, हितं जरा तुमी बगा की. मला चष्म्याबिगर दिसंना झालंय."

मामांना चष्मा नव्हता. उभ्या आयुष्यात कधी लागला नाही. मी वाकून बघितलं. जिथं शेणाचं दार असायला हवं तिथं सलग, गुळगुळीत कातडी होती. जन्मापासून. शेण येत होतं ते खालच्या, दुसऱ्याच दारातून, आतल्या आत वाट काढून, थेंबाथेंबानं. मला शेण दिसलं होतं आणि तेवढ्यावर मी निदान केलं होतं.  ती कालवड माझ्या गोळ्यांनी अजून घट्ट होऊन मरायला आली होती.

मामांनी काही न विचारता ट्रे आणून ठेवला. चाकू डॉक्टरचा, ही शिस्त त्यांनी कधी मोडली नाही. सुन्न करायचं इंजेक्शन मी दिलं. त्यांनी कालवडीच्या पोटावर हलका दाब दिला तेव्हा कातडीखाली एक फुगवटा आला, आणि तिथं त्यांचं बोट टेकलं. "हितं." मी चीर दिली. पुढं काय झालं ते माझ्या नव्या पांढऱ्या कोटानं बघितलं. टाके घालून होईपर्यंत कालवडीनं मान उचलली होती. मालकाला वाटलं डॉक्टरबाई लई हुशार. मामांनी ते वाटू दिलं.

नळावर हात धुताना ते फक्त एवढंच म्हणाले, "पावणा घरात दिसला म्हंजे दारातनंच आला असंल, असं न्हाय म्याडम. कुटनं आला ते बगाया लागतंय." त्या दिवसापासून मीही मोजते. माझ्या हाताखाली आता शिकाऊ मुलं येतात, त्यांनाही मोजायला लावते. ती पाठीमागं मला हसतात, हे मला माहीत आहे.

तर मामांच्या मुलीला मुलगी झाली. मामांनी पेढे वाटले. मुलगी झाली की जिलेबी वाटायची, असं कुणीतरी सुचवल्यावर ते म्हणाले, "पेढ्याला काय कळतंय." चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. आणि मामांनी बाळाला हात लावला नाही.

म्हणजे मुळीच नाही. खोलीत जात, बाळाकडे बघत, दोन्ही हात पाठीमागं बांधून. मुलगी बाळ पुढं करी तेव्हा त्यांना काहीतरी काम आठवे. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले. शेजारच्या बायका बोलू लागल्या. पोरगी झाली म्हणून म्हातारा नाराज आहे. पेढे वाटले ते दाखवायला. मनातून नातू हवा होता. हे मुलीच्या कानावर गेलं, जायचंच होतं. अंगणात दोरीवर बाळाची दुपटी-लंगोट वाळत घातलेले असत आणि मामा जाता-येता त्याखाली उभे राहत, तेवढं एक सगळ्यांना दिसे. ऊन खातात, असं लोकांना वाटायचं.

दवाखान्यात त्यांचं लक्ष लागेना. एका पाटीला त्यांनी बारा मोजली. मालक घाबरला, जास्तीचं एक कुठून आलं म्हणून. मामांनी पुन्हा मोजली, अकरा. मी त्यांना झाडाखाली बसवलं आणि सरळ विचारलं, नातीला का घेत नाही?

"माजं हात ऐकत न्हाईत म्याडम," ते म्हणाले. त्यांनी हात पुढं करून माझ्यासमोर धरले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. "बारकं जीव हातात आलं की मी डोळं मिटलं तरी बोटं कानावर जात्यात. घेतलं की मोजनार. आन मी बरं म्हनलोय पोरीला." मग अगदी हळू, "दोरीवर काल नऊ वाळत हुती. आज अकरा. म्हंजे चाललंय बरं." तेव्हा मला ते दोरीखालचं ऊन कळलं.

त्या रविवारी मी झबलं आणि टोपडं घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, समोर छोटं अंगण, शेजारून मागाची खटखट. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली ताजं फूल. मामा बाहेर दोरीपाशी होते. आत मुलगी कानाला रुमाल बांधून खाटेवर बसली होती, बाळ मांडीवर. मामी चुलीपाशी अळीव शिजवत होत्या. मी बाळाचं कौतुक केलं आणि मुलगी रडायला लागली.

"मॅडम, तुम्ही तर त्यांच्याबरोबर काम करता. तुम्हीच सांगा. मुलगी झाली म्हणूनच ना?"

मी तिला सगळं सांगितलं. हातांचं सांगितलं, दिलेल्या शब्दाचं सांगितलं, दोरीवरच्या लंगोटांचं सांगितलं. मला वाटलं आता ती हसेल. ती आणखीच चिडली. "मी मोजू नका म्हटलं. घेऊ नका असं कुठं म्हटलं? मोजल्याशिवाय जवळ घेता येत नाही का यांना? मलाही कधी नुसतं घेतलं नाही. आधी कान, आधी नाक. मी त्यांची मुलगी आहे का कालवड?"

"न्हाय येत त्येस्नी," मामी म्हणाल्या.

त्या आमच्याकडे पाठ करून पातेलं ढवळत होत्या. मला आधी वाटलं, त्या मुलीचीच बाजू घेताहेत. पण त्यांनी पातेलं खाली उतरवलं, पदरानं हात पुसले आणि खाटेच्या कडेला येऊन बसल्या. "बाळंतिनीपुडं असलं बोलू ने. चाळीस दिस तरी बोलू ने. पर तू रडायलीस म्हनून बोलते. तुज्या आदी एक पोरगा झाला हुता."

मुलीनं डोळे पुसले.

"माज्या म्हायेरी झाला, गावाकडं. ह्ये लसीकरनाला लांब गेलं हुतं. दोन दिस पोराला शी झाली न्हाय. सुईन म्हनली, हुतंय असं कुना-कुनाचं. एरंडेल चाटवलं. पोट तटतटलं. ह्ये तिसऱ्या दिशी आलं. पोराचं दोनी पाय वर धरलं, बगितलं, आन तसंच खाली बसलं. तितं दारच नव्हतं. समद्यांनी पोराचं तोंड बगितलं हुतं. नाक आज्यावानी हाय म्हनून कवतिक केलं हुतं. खाली कुनी बगितलंच न्हाय." मामींनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "टावेलात गुंडाळून यष्टीत बसलं सोलापूरला यायाला. मी संगं हुते. वाटंतच गेलं. कंडक्टरला कळलं तर मदीच उतरवंल म्हनून ह्येंनी कुनाला सांगितलं न्हाय. स्ट्यांडपतुर तसंच मांडीवर धरून बसलं, पांगरून नीट करत. तवापासनं मोजत्यात."

शेजारचा माग चालूच होता. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी हातातल्या टोपड्याची नाडी गुंडाळत राहिले.

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही," मुलगी म्हणाली.

"कवा सांगायचं? आदी तू लेकरू हुतीस. मग तुजं लगीन आलं. मग तू पोटुशी ऱ्हायलीस. असलं सांगायला बरी येळ कुटली असती?"

 मुलीनं रुमालाची गाठ घट्ट केली, बाळाला उचललं आणि ती उठली. "वारं लागंल गं," मामी म्हणाल्या, पण अडवायला उठल्या नाहीत. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

तिला बाहेर आलेली बघून मामा दोन पावलं मागं सरले आणि सवयीनं हात पाठीमागं गेले.

"पप्पा, धरा."

"मी बरं म्हनलोय तुला."

"आता मीच म्हणते. मोजा."

मामांनी माझ्याकडे बघितलं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या मामींकडे बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं. नळावर जाऊन त्यांनी हात धुतले. लेंग्याला पुसले आणि पुन्हा धुतले. पायरीवर बसले आणि मांडी जुळवली. मुलीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"कान," ते म्हणाले. त्यांचा आवाज शेडमध्ये असायचा तसा नव्हता. "दोन." डोळे मिटलेले होते, म्हणून ते उघडेपर्यंत थांबले. बाळानं डोळे किलकिले केले आणि ऊन लागल्यावर पुन्हा मिटले. "दोन." नाकपुड्यांखाली त्यांनी सूत धरलं. धरणारा हातच इतका हलत होता की सूत कशानं हलतंय ते कळत नव्हतं. मुलीनं खाली बसून त्यांचं मनगट धरलं, मग कळलं. दोन. तोंड एक, ते बाळानं स्वतःच जांभई देऊन दाखवलं.

मग मामा लंगोटापाशी आले आणि थांबले. हजारो शेपट्या उचललेला हा माणूस. बोटं गाठीवर होती आणि गाठ सुटत नव्हती. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला समजलं की ते या क्षणी त्या अंगणात नव्हते. मला पुढं व्हावंसं वाटलं. पण मुलगीच वाकली, तिनंच गाठ सोडली, लंगोट बाजूला केला आणि बाळाचे दोन्ही पाय स्वतःच्या हातानं वर धरले.

"बघा पप्पा," ती म्हणाली. "नीट बघा."

मामांनी मान खाली घातली आणि बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाळाला उघड्यावर गार लागलं असेल, त्यानं अंग आक्रसलं, चेहरा लाल केला, कुंथलं, आणि मामांच्या स्वच्छ पांढऱ्या लेंग्यावर मांडीभर पिवळं सांडलं.

मुलगी हसली आणि त्याच दमात रडायला लागली. मामा बाळाला धरून बसले होते, दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मामी आतून ओलं फडकं घेऊन धावत आल्या आणि लेंगा पुसायला वाकल्या.

मामांनी मांडी बाजूला घेतली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जरा येळ ऱ्हाऊ दे गं."